कोलशेतचे ‘अकबर’ : एका नाविक शिक्षणसंस्थेचा इतिहास आणि तिचे साक्षीदार

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरातील संस्थांचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि त्यांच्या मागोमाग निघालेल्या शाळा, पतपेढ्या व नाट्यसंस्था यांची नावे सहज स्मरतात. कारण या संस्थांच्या भिंती उभ्या आहेत, त्यांची दप्तरे जागेवर आहेत आणि त्यांचे वर्धापनदिन वेळच्या वेळी साजरे होतात. परंतु याच भूमीवर, ठाणे शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीकाठच्या कोलशेत गावी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत एक शिक्षणसंस्था नांदून गेली, की जिच्यात हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या तरुणांनी नाविकविद्येचे पहिले धडे गिरविले, आणि जिचे नाव १९४६ च्या फेब्रुवारीत, एका साम्राज्याचा पाया हादरविणाऱ्या नाविक उठावाशी, कायमचे जोडले गेले. ‘एच. एम. आय. एस. अकबर’ हे तिचे नाव. या स्मरणिकेत तिचा समावेश करताना तिची हकीकत सांगणे हे आमचे पहिले कर्तव्य आहे. आणि ती हकीकत आपल्यापर्यंत कोणाच्या मुखाने आली, व तशा मुखांचे शब्द आज आपण कसे जपले पाहिजेत, हे सांगणे हे दुसरे.

संस्थेची पार्श्वभूमी

या खाडीला आरमाराची ओळख नवी नव्हती. १६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख स्वराज्यात आल्यावर शिवछत्रपतींनी आपल्या आरमाराची मुहूर्तमेढ याच पाण्यात रोवली, दुर्गाडीच्या पायथ्याशी गलबते बांधविली आणि त्या कामी पोर्तुगीज कारागीरही लावले, हा इतिहास येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. इंग्रजी अमलात मात्र हिंदुस्थानच्या दर्यावर्दी सेनेची सूत्रे मुंबईच्या गोदीत गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून निरनिराळी नावे धारण करीत आलेल्या त्या दलास १९३४ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव व स्वतंत्र दर्जा मिळाला. युद्धाला तोंड लागले त्या १९३९ साली या दलातील अधिकारी व खलाशी मिळून संख्या सुमारे दोन हजार होती. तोपर्यंतची भरती बहुतांशी ठरावीक प्रदेशांतून होई, आणि त्यांत आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान खलाशांचा वाटा मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर राबलेल्या या लोकांना वारा, भरती-ओहोटी आणि दोरखंड यांची शिकवण घरीच मिळत असे.

युद्धाने ही घडी पार बदलून टाकली. सहा वर्षांत दलाची संख्या अनेक पटींनी वाढून पंचवीस हजारांच्या पलीकडे गेली. पंजाबातील शेतकऱ्याचा मुलगा, मद्रासेतील मॅट्रिक झालेला विद्यार्थी, बंगालमधील कारकुनाचा धाकटा भाऊ आणि देशावरचा शिकलेला मराठा तरुण हे सारे एकाच पांढऱ्या गणवेशात उभे राहिले. आणि ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता त्यांना अल्पावधीत खलाशी बनविण्यासाठी किनाऱ्याकिनाऱ्याने शिक्षणसंस्था उघडणे सरकारला भाग पडले. जामनगरजवळ ‘वालसुरा’ ही पाणतीरांची शाळा निघाली. कराचीस ‘बहादुर’, ‘हिमालय’ आणि ‘चमक’ यांत अनुक्रमे पोरवयाच्या उमेदवारांचे, तोफखान्याचे आणि रडारचे शिक्षण होऊ लागले. मार्व्यास ‘हमला’, लोणावळ्यास यंत्रविद्येसाठी ‘शिवाजी’, कुलाब्यास बिनतारी व संकेतविद्येसाठी ‘तलवार’, आणि ठाण्यास कोलशेत येथे नव्याने भरती झालेल्या खलाशांसाठी ‘अकबर’. नौदलाचा शिरस्ता असा, की किनाऱ्यावरील संस्थेलाही जहाजाचेच नाव व जहाजाचाच मान द्यावयाचा. तेव्हा कोलशेतच्या तांबड्या मातीवर उभ्या असलेल्या या ठाण्यातून फाटकाबाहेर पडणारा रेटिंगही, म्हणजे साधा खलाशीही, ‘किनाऱ्यावर’ जाण्याचीच परवानगी मागे, आणि सुट्टी संपवून परतताना तो ‘जहाजावर’ चढे.

कवायत आणि भोजनगृह

अशा संस्थेतील दिनक्रम तेव्हाच्या सर्व नाविक शाळांप्रमाणे पहाटेच्या बिगुलाने सुरू होई. हजेरी, कवायत, गाठी व दोरखंड यांचा अभ्यास, होडी वल्हविणे, बावट्यांचे संकेत, शस्त्रांची निगा, आणि या सर्वांच्या जोडीला इंग्रजी हुकूम ऐकून क्षणार्धात अंमलात आणण्याची सवय, इतक्या गोष्टी काही महिन्यांत अंगी बाणवावयाच्या असत. ही शिस्त व्यर्थ गेली नाही, हे युद्धाच्या इतिहासाने सिद्ध केले आहे. १९४२ च्या ११ नोव्हेंबरला हिंदी महासागरात ‘बेंगॉल’ या आपल्या लहानशा जहाजाने एका डच तेलवाहू जहाजाच्या साथीने दोन बलाढ्य जपानी जहाजांशी सामना दिला आणि त्यांपैकी ‘होकोकु मारू’ समुद्राच्या तळाशी गेले. १९४३ साली ‘सतलज’ व ‘जमना’ सिसिलीच्या मोहिमेत होत्या. १९४४-४५ मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर व रामरी बेटावरील चढाईत हिंदी नौका सतत पुढे राहिल्या. ज्या दलाचा पुढे ‘बंडखोर’ म्हणून निकाल लावण्यात आला, ते दल लढण्यात कमी पडले होते असे त्याच्या शत्रूनेही कधी म्हटले नाही.

मग असंतोष कोठून आला? पुढे चौकशी आयोगानेच जे कबूल केले त्याचा सारांश असा, की भरतीच्या वेळी तरुणांना दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत. हिंदी व गोऱ्या खलाशांच्या पगारात, अन्नात, राहण्याच्या सोयीत आणि सन्मानात उघड भेद होता. अधिकारी व खलाशी यांच्यात आपुलकीचे दळणवळण उरले नव्हते. युद्ध संपताच हजारोंना घरी पाठविण्याची तयारी चालू होती आणि घरी गेल्यावर पोटाची सोय कोणती, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. खडे निघणारा भात आणि पाणचट डाळ हा तक्रारींचा नित्याचा विषय होता. त्यातच १९४५ च्या नोव्हेंबरापासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले उभे राहिले होते, आणि ज्यांनी ब्रिटिश ध्वजाखाली जग पाहिले होते त्या तरुणांच्या मनात स्वतःच्या देशाच्या ध्वजाचा प्रश्न रोज उभा राहत होता.

फेब्रुवारी १९४६

ठिणगी ‘तलवार’ मध्ये पडली. १ डिसेंबर १९४५ रोजी, नौदल-दिनाच्या सोहळ्याच्या सकाळी, त्या संस्थेच्या भिंतींवर राष्ट्रीय घोषणा लिहिलेल्या आढळल्या. १९४६ च्या फेब्रुवारीच्या आरंभी बलाई चंद दत्त या बंगाली रेटिंगला त्या प्रकरणात अटक झाली. आणि कमांडर किंग या अधिकाऱ्याने खलाशांना उद्देशून काढलेल्या अपशब्दांबद्दलची रीतसर तक्रार वरिष्ठांनी टाळीत नेली. तेव्हा सोमवार, १८ फेब्रुवारी रोजी ‘तलवार’ च्या रेटिंगांनी अन्न व काम या दोहोंचाही त्याग केला. दुसऱ्या दिवशी मुंबई बंदरातील जहाजे व किनाऱ्यावरील ठाणी एकामागून एक संपात सामील झाली, आणि ठाण्याचे ‘अकबर’ त्यांत होते. जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरून काँग्रेसचे, लीगचे व कम्युनिस्टांचे असे तीन बावटे एकत्र चढले, एम. एस. खान अध्यक्ष व मदनसिंग उपाध्यक्ष असलेली नाविक मध्यवर्ती संप समिती निवडली गेली. आणि तिने ज्या मागण्या मांडल्या त्यांत सुधारलेल्या अन्नाबरोबरच आझाद हिंद सैनिकांची सुटका व इंडोनेशियातून हिंदी फौज माघारी आणणे, याही मागण्या होत्या. हिंदू, मुसलमान, शीख व ख्रिस्ती खलाशी एका समितीखाली उभे होते, आणि तेही देशात जातीय तेढ शिगेस पोहोचण्याच्या त्या वर्षी, ही गोष्ट इतिहासकाराने विसरता कामा नये. प्रचलित गणनेनुसार उठावाच्या ऐन भरात ७८ जहाजे, २० किनारी संस्था आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात ओढले गेले होते.

‘अकबर’ चे स्थान या घटनाक्रमात ध्यानात घेण्याजोगे आहे. मुंबईतील ठाण्यांना एकमेकांची हाक ऐकू जाण्याइतकी जवळीक होती. कोलशेतचे ठाणे मात्र बंदरापासून दूर, कोळ्यांच्या व आगऱ्यांच्या वस्तीच्या शेजारी, शेती व मिठागरांच्या मुलखात होते, आणि मुंबईशी त्याचा मुख्य दुवा म्हणजे ठाणे स्थानकातून जाणारा लोहमार्ग. जहाजाची तोफ नाही, गोदीतील कामगारांचा आधार नाही, भोवती मुंबईसारखी लोकसंख्या नाही. तरीही येथील उमेदवार खलाशांनी, ज्यांची नोकरी अजून मुरली नव्हती आणि ज्यांच्या घरी पहिल्या पगाराची मनिऑर्डर नुकतीच कोठे पोहोचू लागली असेल, त्यांनी आपले नाव संपकऱ्यांच्या यादीत घातले. एखाद्या संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना काय दिले याचे मोजमाप तिच्या अभ्यासक्रमावरून होते, तसेच संकटाच्या घडीस ते विद्यार्थी कसे वागले यावरूनही होते.

पुढील दिवस वेगाने सरले. २० तारखेस खलाशांना आपापल्या ठाण्यांत परतण्याचा हुकूम झाला आणि दारांवर लष्करी पहारे बसले. २१ तारखेस फोर्टमधील कॅसल बॅरक्समध्ये, वेढा फोडून बाहेर पडू पाहणारे खलाशी व पहाऱ्याची फौज यांच्यात गोळीबार झाला. त्या पहाऱ्यावर प्रथम मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई होते; म्हणजे साताऱ्याच्या अथवा रत्नागिरीच्या एखाद्या गावातील एक भाऊ आत खलाशी आणि दुसरा बाहेर शिपाई, असा प्रसंगही असंभवनीय नव्हता. त्याच दिवशी नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून, वेळ पडल्यास दलाचाच नाश झाला तरी सरकार मागे हटणार नाही, अशी धमकी दिली. २२ तारखेस कराचीत ‘हिंदुस्थान’ या जहाजाने तोफांनी उत्तर दिले व अखेर ते शरण गेले. आणि मुंबईत कामगारांनी हरताळ पाळला. त्या व पुढील दोन दिवसांत गोळीबारात दोनशेंहून अधिक नागरिक प्राणास मुकले. परळला कमल दोंदे या कार्यकर्त्या भगिनी गोळी लागून मृत्युमुखी पडल्या व कुसुम रणदिवे जखमी झाल्या. शनिवार, २३ फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून, आणि जिना यांचाही तसाच सल्ला आल्यावर, समितीने शरणागती पत्करली. पण आपण ब्रिटिशांपुढे नव्हे तर आपल्या देशापुढे नमत आहोत, हे सांगूनच.

जबानी आणि आठवण

येथून या संस्थेच्या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि आमच्या मते तोच अधिक मननीय आहे. शरणागतीच्या वेळी मिळालेली आश्वासने कागदावरच राहिली. पुढाऱ्यांना व संशयितांना वेचून काढण्यात आले आणि त्यांपैकी शेकडोंना ठाण्याच्या वेशीवरील मुलुंडच्या छावणीत अटकेत ठेवले गेले. पुढे ४७६ जणांना नौदलातून कमी करण्यात आले. सरकारने सर सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली जो चौकशी आयोग नेमला, त्यात न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार व मेहेरचंद महाजन यांच्या जोडीला एक ब्रिटिश नौसेनाधिकारी व एक ब्रिटिश सेनापती होते. या आयोगापुढे अधिकाऱ्यांच्या व खलाशांच्या साक्षी झाल्या, त्या लिहून घेण्यात आल्या आणि त्यांच्या आधारे अहवाल सिद्ध झाला.

म्हणजे या सैनिकांच्या तोंडचा पहिला वृत्तांत नोंदला गेला तो चौकशीच्या जबानीच्या रूपाने. त्या जबानीचे मोल मोठे आहे. ती घटनेनंतर काही महिन्यांतच झाली, तारखा व वेळा ताज्या होत्या आणि उलट-तपासणीची चाळणी तिला लागली होती. पण ज्याच्या भवितव्याचा निर्णय समोर बसलेल्यांच्या हाती आहे, तो माणूस आपल्या मनातले सर्वच बोलेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. कोणी सांगितले, कोण पुढे होते, भिंतीवर कोणी लिहिले, या प्रश्नांना तो मौनाने उत्तर देतो, आणि ते मौन न्यायालयीन दप्तरात ‘माहिती नाही’ अशा शब्दांत उतरते. उलटपक्षी, पंचवीस वर्षांनी त्याच माणसाला कोणी आदराने विचारले असता तो मोकळेपणाने बोलतो. परंतु तोवर काळाने तारखा पुसट केलेल्या असतात, वर्तमानपत्रात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले एकमेकांत मिसळलेले असते, आणि आपण त्या वेळी जसे वागावयास हवे होते तसेच वागलो, असे वाटण्याचा मोह कोणालाही होतो. म्हणून आमचे निश्चित मत असे आहे, की जबानी व आठवण या दोहोंपैकी एकीवर विसंबून सैनिकाचा इतिहास लिहिता येत नाही. हुकूम कोणी दिला व तो कोणत्या वेळी अंमलात आला हे दप्तर सांगते, आणि तो हुकूम का मोडला गेला हे ज्याने तो मोडला त्यानेच सांगावे लागते.

सुदैवाने काहींनी ते सांगितले. बलाई चंद दत्त नौदलातून बाहेर पडल्यावर मुंबईतच राहिले, ‘फ्री प्रेस जर्नल’ मध्ये त्यांनी पत्रकारी केली, आणि १९७१ साली त्यांनी आपल्या उठावाची हकीकत इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तोपर्यंत पाव शतक उलटले होते. स्वातंत्र्य आले, पण बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत बोलाविले नाही. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाल्यावर मात्र नाविक उठावाची गणना मान्यताप्राप्त स्वातंत्र्यलढ्यांत झाली, आणि कालांतराने नौदलाने आपल्या दोन टग नौकांना मदनसिंग व दत्त यांची नावे देऊन त्या जुन्या अपराध्यांना आपल्या पटावर घेतले. १९५० च्या २६ जानेवारीस ‘एच. एम. आय. एस.’ चे ‘आय. एन. एस.’ झाले तेव्हा ‘शिवाजी’, ‘हमला’, ‘वालसुरा’ ही नावे टिकली. कॅसल बॅरक्सला पुढे कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभले. ‘अकबर’ हे नाव मात्र त्या पटावर राहिले नाही. ज्या संस्थेला वारस नाही, जिची इमारत दाखवून ‘हीच ती’ असे म्हणता येत नाही, तिचे अस्तित्व तेथे राहिलेल्या माणसांच्या बोलण्यातच उरते.

नोंद कशी करावी

सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जतन करण्याची कल्पना जगात आता सुस्थापित झाली आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ पासून ध्वनिसंग्रह उभारला आणि त्यात सेनापतीइतकेच महत्त्व आचाऱ्याला व रुग्णवाहकाला दिले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००० सालापासून माजी सैनिकांच्या आठवणींचा प्रचंड साठा केला. आपल्याकडे दिल्लीच्या तीनमूर्ती भवनातील तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयाने स्वातंत्र्यलढ्यातील व्यक्तींच्या मुलाखती दशकानुदशके ध्वनिमुद्रित केल्या. हे काम मोठ्या संस्थांनीच करावयाचे, अशी आमची समजूत नाही. ज्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या जुन्या कवींच्या पोथ्या गोळा करून मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध केला, ते याच ठाण्याचे; पोथी गोळा करण्यास जी चिकाटी लागते तीच बोललेला शब्द गोळा करण्यास लागते, आणि या कामाची निकड पोथीच्या निकडीहून अधिक आहे, कारण माणूस पोथीइतका टिकत नाही.

कल्याण-डोंबिवलीची वस्ती ज्या प्रकारे वाढली, तिच्यातच या कामाचे क्षेत्र दडलेले आहे. युद्धकाळात कल्याणजवळ जी विस्तीर्ण लष्करी छावणी उभी राहिली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. नेवाळीस युद्धकाळात विमानांसाठी धावपट्टी झाली. अंबरनाथला १९५० च्या दशकात संरक्षण खात्याचा कारखाना निघाला. फौजेतून निवृत्त झालेला माणूस रेल्वेत, बँकेत, कारखान्यात अथवा पहारेकऱ्याच्या नोकरीत लागला, आणि मुंबईत जागा न परवडल्यामुळे त्याने कल्याण, डोंबिवली, ठाकुर्ली, अंबरनाथ येथील चाळीत, मागाहून सदनिकेत, बिऱ्हाड केले. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरीची कितीतरी फौजी घराणी अशी या लोहमार्गावर येऊन स्थिरावली. १९६१ च्या गोवामुक्तीत अंजदीव बेटावर उतरलेले, १९६५ साली सियालकोटच्या आघाडीवर असलेले, १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रे डागणाऱ्या नौकांवरील, अथवा ९ डिसेंबरला १८ अधिकारी व १७६ नाविकांसह बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेतून वाचलेले लोक या महाराष्ट्रात होते व त्यांपैकी काही आजही आहेत. १९४६ साली अठरा वर्षांचा असलेला खलाशी आज शंभरीच्या घरात असावयाचा. १९७१ साली वीस वर्षांचा असलेला जवानही पंचाहत्तरीस पोहोचला आहे. काळ कोणासाठी थांबत नाही, हे वचन या कामाइतके दुसऱ्या कोणत्याही कामास क्वचितच लागू पडेल.

या कामाची रीत थोडक्यात सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. आजोबांच्या समोर नातवाने यंत्र ठेवावे, पण प्रश्न पराक्रमापासून सुरू करू नयेत. ‘तुम्ही किती शत्रू मारले’ असा प्रश्न विचारला, की सैनिक एक तर गप्प बसतो किंवा दुसऱ्याचे बोलू लागतो. भरतीच्या दिवशी घरातून कोण सोडावयास आले होते, पहिल्या आठवड्यात कोणते अन्न मिळाले, बुटांचे माप बरोबर होते का, कोणत्या भाषेत हुकूम होत, पत्र लिहिता येत नसे त्याचे पत्र कोण लिही, सोबत्यांपैकी कोण परत आले नाहीत, अशा प्रश्नांनी आठवणीचे दार उघडते. सेवापुस्तिका, पदके, पलटणीचा क्रमांक, जुनी छायाचित्रे जवळ ठेवावीत; तारीख आठवत नसेल तर सण, पाऊस अथवा पीक यांच्या खुणेने ती काढावी. जे सांगावयाचे नाही ते सांगण्याचा आग्रह धरू नये, आणि जे ध्वनिमुद्रित झाले ते त्यांना परत ऐकवून, कोणाला ऐकू द्यावे व कोणाला नाही, याची त्यांची अनुज्ञा लेखी घ्यावी. वीरपत्नींचे व घरी राहिलेल्या भावांचे बोलणेही याच दप्तरात यावे. युद्धाचा खर्च त्यांनीही फेडला आहे. आणि कॅसल बॅरक्सचे उदाहरण स्मरून दोन्ही बाजूंचे ऐकावे: जो आत होता त्याचे, आणि ज्याला बाहेर बंदूक रोखून उभे राहावे लागले त्याचेही. नोंद झाल्यावर ती दप्तरातील कागदाशी, वर्तमानपत्राशी व इतर सोबत्यांच्या सांगण्याशी ताडून पाहावी; मेळ न बसल्यास आठवण खोडू नये, तिच्या शेजारी कागदाचे म्हणणे लिहून ठेवावे. दोहोंतील अंतर हेच पुष्कळदा इतिहासाचे मर्म असते.

कर्तव्य

दुर्गाडीजवळ खाडीच्या काठी नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही जलद गस्तनौका आता स्मारक म्हणून उभी करण्यात आली आहे. शिवछत्रपतींच्या आरमाराच्या जन्मभूमीवर आधुनिक नौदलाची नौका आली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नौका स्वतः बोलत नाही. तिच्यावर व तिच्यासारख्या नौकांवर ज्यांनी गस्त घातली, ज्यांना वादळात उलट्या झाल्या, ज्यांनी रात्रीच्या पहाऱ्यात घरची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली, त्यांचे शब्द तिच्याजवळ ऐकू आले पाहिजेत. आणि त्याच ठिकाणी कोलशेतच्या ‘अकबर’ ची हकीकतही लिहिलेली असली पाहिजे, कारण या खाडीवरील नाविक परंपरेत १६५७ आणि आजचे वर्ष यांच्या दरम्यान १९४६ हे वर्ष येते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही परिसरातील ग्रंथालयांना, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना विनंती करतो, की प्रत्येक वाचनालयाने आपल्या संग्रहात ध्वनिमुद्रित आठवणींचा एक स्वतंत्र कप्पा निर्माण करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साह्याने ज्येष्ठ माजी सैनिकांशी संपर्क साधावा. प्रत्येक मुलाखतीची एक प्रत कुटुंबाकडे, एक वाचनालयात व एक अन्य सुरक्षित स्थळी राहील अशी तजवीज करावी. आणि वर्षातून एकदा, १८ फेब्रुवारीस, त्यांतील निवडक आठवणी जाहीरपणे ऐकविण्याचा प्रघात पाडावा. कोलशेतच्या त्या उमेदवार खलाशांनी आपले नाव यादीत घातले तेव्हा त्या यादीचा उपयोग त्यांना शिक्षा देण्यासाठी झाला. आता तीच नावे आणि त्यांच्यानंतर आलेल्या सैनिकांची नावे, त्यांच्याच शब्दांसह, आदराने लिहून ठेवण्याची जबाबदारी या शहरांची आहे, आणि ती पार पाडण्यास आवश्यक असलेली माणसे व साधने आज आपल्यापाशी आहेत.